सिस्टरमुळे शिक्षक व्हावंसं वाटतंय, ते माझं की त्यांचं?

प्रश्न एका मुलीचा आहे. शाळेची सगळी वर्षं धर्मभगिनींच्या शाळेत गेली, त्यातल्या एका सिस्टरमुळे आता स्वतःलाही शिकवावंसं वाटायला लागलंय. पण ही ओढ खरंच माझी आहे की त्यांच्यावरच्या प्रेमापोटी आलीये, असं ती विचारते. आणि मुळात हे धार्मिक शिक्षक असं काय करतात की त्यांच्या हाताखालची इतकी मुलं पुढे स्वतः शिक्षक होतात, हेही तिला कळून घ्यायचंय.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मीही सिस्टरांच्याच हाताखाली शिकले, नंतर चौदा वर्षं वर्गात शिकवलं आणि त्यानंतर टीचर ट्रेनिंगमध्ये आले ती आजतागायत इथेच आहे. प्रापंचिक बाई आहे, व्रत वगैरे काही घेतलेलं नाही. नव्या बॅचला पहिल्या दिवशी मी एकच विचारते, इथे का आलात. दरवेळी चारपाच जण तरी कुठल्यातरी सिस्टरबद्दल, ब्रदरबद्दल (म्हणजे सिस्टरांसारखंच व्रत घेतलेले पुरुष, पण धर्मगुरू नव्हेत), मदरशातल्या उस्तादांबद्दल नाहीतर पाठशाळेतल्या गुरुजींबद्दल सांगतात. मग मी विचारते, त्यांनी तुला काय शिकवलं? तर विषय धड आठवत नाही, आठवतं ते भलतंच. एकीला आठवत होतं की सिस्टर तास संपला की फळा स्वतः पुसून जायच्या, पुढच्या बाईंना स्वच्छ मिळावा म्हणून. एकाला आठवत होतं की ब्रदरांनी त्याला चुकून ओरडल्यावर दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर माफी मागितली होती. एवढंच, आणि त्यावर तो पोरगा शिक्षक व्हायला निघाला होता.

तर माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकते. "शिक्षकी पेशा किती थोर" असली भाषणं ऐकून कोणी शिक्षक होत नाही. कोणीतरी तुमच्यावर दुसऱ्या मुलाची थोडीशी जबाबदारी टाकतं, तुम्ही ती निभावता, जराशी चुकवता, आणि मग ओढ लागते. आधी काम, मग ओढ. लोक उलटं समजतात, आधी आतून काहीतरी हाक येणार आणि मग आपण उठणार.

माझंच सांगते. नववीत असताना वर्गातली एक मुलगी आजारपणामुळे महिनाभर आली नव्हती. सिस्टरांनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, हिचं गणित तुझ्याकडे, मधल्या सुट्टीत बस तिच्याबरोबर. मला काय, आकाशच ठेंगणं झालं. तीन दिवसांत मी तिची सगळी उदाहरणं सोडवून दिली आणि सिस्टरांना ऐटीत वही दाखवली. त्यांनी वही बघितली आणि विचारलं, "ही गणितं कोणाला आली?" झालं. पुढचे दोन आठवडे मी फक्त प्रश्न विचारायचे, उत्तर ओठांवर यायचं आणि मी ते गिळायचे. एका दिवशी त्या मुलीने स्वतः समीकरण सोडवलं आणि माझ्याकडे न बघताच पुढचं घेतलं. माझ्याकडे न बघताच! मला जे काही झालं ते तिथे झालं. सिस्टरांनी "तू शिक्षिका होशील" असं तेव्हाही म्हटलं नाही आणि नंतरही कधी म्हटलं नाही.

आता हे काही माझ्या सिस्टरांच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं, यामागे फार जुनी परंपरा आहे, मला ती ट्रेनिंगमध्ये आल्यावर कळली. जाँ बाप्तिस्त द ला साल (१६५१–१७१९) हे फ्रान्समधल्या रँसचे धर्मगुरू. गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढायच्या, लॅटिनऐवजी मुलांच्या रोजच्या फ्रेंचमध्ये शिकवायचं, आणि एकेकाला जवळ बोलावून शिकवण्याऐवजी सगळ्या वर्गाला एकत्र शिकवायचं, या गोष्टी त्यांच्या ब्रदरांच्या शाळांनी मोठ्या प्रमाणावर रुजवल्या. १९५० मध्ये पोपनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केलं. पण मला त्यांच्यातलं आवडतं ते वेगळंच, की या माणसाला शिक्षक व्हायचंच नव्हतं. खात्यापित्या घरातला, कॅथेड्रलमध्ये मानाचं पद. १६७९ मध्ये आद्रियँ नियेल नावाचा एक माणूस शाळा काढायला रँसला आला, त्याला थोडी मदत करू म्हणून हे पडले. मग शिक्षकांचं जेवणखाण बघायला लागले, मग १६८१ मध्ये त्या शिक्षकांना स्वतःच्या घरातच राहायला आणलं, घरचे भडकले, मग १६८३ मध्ये पद सोडलं, मग दुष्काळात स्वतःचे पैसे वाटून टाकले. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की हे सगळं कुठे जाणार हे आधी कळलं असतं तर मी त्याला हातच लावला नसता, देवाने एका बांधिलकीतून दुसऱ्या बांधिलकीत नेलं आणि सुरुवातीला काही दिसूच दिलं नाही. ज्यांना शिक्षकांचं संत म्हणतात त्यांची ही गत. म्हणून "मला अजून क्लिअर कॉलिंग आलेलं नाही" म्हणून रडणाऱ्या मुलांना मी हीच गोष्ट सांगते.

त्यांच्या शाळा कशा चालवायच्या याचं एक हस्तलिखित नियमपुस्तक होतं, ते १७०६ चं, छापलं गेलं ते त्यांच्या मृत्यूनंतर १७२० मध्ये. त्यात विद्यार्थ्यांना वाटून द्यायच्या कामांची यादीच आहे. प्रार्थना म्हणणारा, घंटा वाजवणारा, किल्ल्या सांभाळणारा, कागद वाटणारा, आणि माझा लाडका म्हणजे गैरहजर मुलांच्या घरी जाऊन चौकशी करणारा. विचार करा, दहाबारा वर्षांचं पोरगं दुसऱ्या पोराच्या दारात उभं राहून विचारतंय, का नाही आलास. शिक्षकाचं निम्मं काम तेच तर आहे. आणि त्याच नियमपुस्तकात नव्या शिक्षकांच्या कोणत्या खोडी काढून टाकायच्या हेही आहे, त्यात सुरुवातच बोलण्याच्या खाजेपासून होते. तीनशे वर्षं झाली, माझ्या ट्रेनींची पहिली खोड अजून तीच आहे, त्यांचीच कशाला, हे उत्तर किती लांबतंय ते बघताच आहात तुम्ही.

अशीच गोष्ट मार्सेलँ शाम्पान्या यांची. फ्रान्समधल्याच ला व्हाला या खेड्यातले तरुण धर्मगुरू. २ जानेवारी १८१७ ला त्यांनी दोन पोरांना घेऊन मारिस्ट ब्रदर्स या शाळा चालवणाऱ्या ब्रदरांच्या संघाची सुरुवात केली. दोघांतला एक सैन्यातून आलेला आणि दुसरा अजून पंधराचाही नव्हता, आणि पुढे ज्यांनी शाळा चालवायच्या होत्या त्यांना आधी लिहायवाचायलाच शिकवावं लागलं. किंवा इटलीतले धर्मगुरू डॉन बॉस्को घ्या. तुरिनमध्ये रस्त्यावरच्या मुलांसाठी रात्रीची शाळा होती, शिक्षक कुठून आणणार, पैसे नाहीत. मग थोड्या हुशार मुलांना ते फुकट शिकवायचे, अट एकच, तुम्ही पुढे बाकीच्यांना शिकवायचं. मिकेले रुआ नावाच्या लहान मुलासमोर त्यांनी आपला हात दुसऱ्या हाताने कापल्यासारखा केला, म्हणजे आपण दोघं अर्धंअर्धं वाटून घेऊ. त्याला तेव्हा काही कळलं नाही म्हणे. १८८८ मध्ये डॉन बॉस्को गेले आणि त्यांच्या धर्मसंघाचा प्रमुख म्हणून त्यांच्या जागी आला तो हाच रुआ.

प्रश्नाचा दुसरा भाग, की हे तर कुठलाही चांगला शिक्षक करतो, मग धार्मिक शिक्षकांचं वेगळं काय. माझ्या मते वेगळं आहे ते दिसण्याच्या बाबतीत. डॅन लॉर्टी नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये एक मुद्दा मांडला होता, की शाळा संपेपर्यंत मुलाने शिक्षकांना सुमारे १३,००० तास बघितलेलं असतं, म्हणून प्रत्येकाला वाटतं शिकवणं म्हणजे काय ते मला माहितीये. पण हे सगळं प्रेक्षकात बसून बघितलेलं असतं. मुलाला रंगमंच दिसतो, मेकअपची खोली दिसत नाही. शिक्षिका आदल्या रात्री काय तयारी करते, कुठलं उदाहरण टाकून देते, कोणाच्या काळजीने तिला झोप लागत नाही, यातलं काहीच नाही.

सिस्टर आणि ब्रदर लोकांचं काय असतं, की ते बऱ्याचदा राहतातच तिथे. संध्याकाळी ग्राउंडवरून परत येताना खिडकीत दिवा दिसतो आणि सिस्टर वह्या तपासताना दिसतात. रविवारीही दिसतात, आजारी असतानाही दिसतात, साध्या चपला आणि तीच जुनी छत्री. मेकअपची खोली थोडीशी उघडी राहते म्हणा ना. शिवाय त्यांना दारिद्र्याचं व्रत असतं, पगार हातात येत नाही, म्हणजे मुलांच्या मनात आपोआप प्रश्न येतो, की पैसा नाही, बढती नाही, मग या बाईला यात मिळतं तरी काय. त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता काही मुलं शिक्षक होऊन बसतात. पोप पॉल सहावे यांनी १९७५ मध्ये लिहिलं होतं, की आजचा माणूस शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचं जास्त ऐकतो, आणि शिक्षकांचं ऐकलंच तर ते साक्षीदार असतात म्हणून. त्यांनी ते धर्मप्रचाराच्या संदर्भात लिहिलं होतं, पण मी ते गणिताच्या शिक्षकांनाही सांगते.

अजून एक आहे, ते कसं सांगू कळत नाही पण सांगते. धार्मिक शिक्षकाच्या दृष्टीने मूल त्याचं नसतं, देवाचं असतं. निदान चांगल्या शिक्षकाच्या दृष्टीने तरी. त्यामुळे तो जीव लावतो पण मुठीत धरत नाही. हे फक्त ख्रिस्ती लोकांकडे आहे असं अजिबात नाही. तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण संपवून निघालेल्या शिष्याला आचार्य जे सांगतात त्यात "सत्यं वद, धर्मं चर" सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच्याच पुढे आहे "स्वाध्यायप्रवचनाभ्यां न प्रमदितव्यम्", म्हणजे शिकणं आणि शिकवणं दोन्हीत कसूर करू नकोस. निरोपाच्या वेळीच शिकवण्याचं काम सोपवलेलं आहे बघा, सगळ्यांनाच, फक्त हुशारांना नाही. आणि मग येतं ते मला सगळ्यात भारी वाटतं: "यान्यस्माकं सुचरितानि तानि त्वयोपास्यानि नो इतराणि". आमचं जे चांगलं असेल तेवढंच उचल, बाकीचं नको. म्हणजे गुरू स्वतःच कबूल करतोय की आमच्यात बाकीचंही आहे! बौद्ध भिक्खूंच्या विनयात, म्हणजे त्यांच्या नियमांत तर नवा भिक्खू निदान पाच वर्षं आचार्यांच्या आश्रयाने राहतो, आणि कर्तव्यं दोन्ही बाजूंनी सांगितलेली आहेत, शिष्य आजारी पडला तर आचार्यांनी शुश्रूषा करायची, आणि आचार्य बोलताना नियम मोडायच्या बेतात असतील तर शिष्याने त्यांना थांबवायचं. म्हणजे "गुरूला प्रश्न विचारू नये" हे जे परंपरेच्या नावाखाली खपवलं जातं त्याला निदान इथे तरी आधार नाही.

मुठीत न धरण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण तर महाराष्ट्रातलंच आहे. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार बाई मुलींच्या शाळा चालवायच्या, त्या जोतीरावांनी जाऊन बघितल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतः मुलींची शाळा काढली. हे त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. फॅरार बाई होत्या मिशनरी, धर्म सांगायलाच आलेल्या. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत, धर्माबद्दल त्यांनी स्वतःचं वेगळंच मांडलं, पण शिकवायची आग तिथून घेतली. ती त्यांनी स्वतःच्या चुलीवर लावली आणि त्यातून काय काय शिजलं ते आपल्याला माहितीच आहे. म्हणून "सिस्टरांसारखं शिक्षक व्हायचं तर त्यांच्यासारखं श्रद्धाळू पण व्हावं लागेल का" असं कोणी विचारलं की मी म्हणते, नाही बाई.

आता वाईट बाजू, कारण ती सांगितली नाही तर हे उत्तर म्हणजे आरती होईल.

पहिलं म्हणजे नक्कल. माझी नोकरीची पहिली दोन वर्षं मी सिस्टर बनून शिकवलं. तोच थंड आवाज, तेच भुवया वर करून गप्प बसणं. त्यांच्या गप्प बसण्यात वाट बघणं होतं, माझ्या गप्प बसण्यात नुसती भीती होती, आणि पोरांना फरक बरोबर कळतो. एका मुलाने सांगितलं, "बाई, तुम्ही रागावल्या की नाही ते कळतच नाही." त्या दिवशी मी घरी जाऊन रडले आणि मग हळूहळू माझ्या स्वतःच्या बडबड्या आवाजात शिकवायला लागले.

दुसरं, पाचारण हा शब्द. चर्चच्या मराठीत व्होकेशनला, म्हणजे देवाने एखाद्या कामासाठी दिलेल्या हाकेला पाचारण म्हणतात, सुंदर शब्द आहे, पण तो लोकांना राबवायला पण वापरतात. मी एका संस्थेत होते, तिथे पगाराचा विषय काढला की वरचे म्हणायचे ही सेवा आहे, पाचारण आहे. अहो, ज्यांनी व्रत घेतलं त्यांच्या म्हातारपणाची, औषधपाण्याची सोय त्यांचा धर्मसंघ बघतो, माझी कोण बघणार? आता तर चित्रच पालटलंय. अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांमध्ये १९२० च्या सुमाराला दहातले नऊ शिक्षक धर्मभगिनी, ब्रदर किंवा धर्मगुरू असायचे, आज शंभरातले ९७ च्या आसपास प्रापंचिक असतात. सिस्टरांनी घडवलेले प्रापंचिक लोकच आता सिस्टरांच्या जागी उभे आहेत, तर त्यांना व्रताच्या हिशेबाने वागवून चालणार नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये शिक्षणावर जो जाहीरनामा काढला त्यात शिकवणं हे पाचारण आहे असं म्हटलंय, पण त्याच दमात त्यासाठी काळजीपूर्वक तयारी लागते आणि सतत स्वतःला बदलायची तयारी लागते असंही म्हटलंय. लोक पहिला अर्धा भाग फ्रेम करून लावतात.

तिसरं, आणि हे हसण्यावारी न्यायचं नाही. शिक्षकाबद्दलची भक्ती ही धोक्याची जागा पण असते. आयर्लंडमध्ये धर्मसंघांनी चालवलेल्या संस्थांमध्ये मुलांचा किती छळ झाला ते २००९ च्या चौकशी आयोगाच्या अहवालात आहे, आणि तिथे अधिकाराला प्रश्न विचारायची सोयच नव्हती. म्हणून कुठल्याही धर्माचा शिक्षक असो, जो मुलाला एकट्याला आपल्याशी बांधून घेतो, "हे आपल्या दोघांतच राहू दे" म्हणतो, किंवा त्याच्या मनाविरुद्ध निर्णय घेतला की देव दुखावेल असं सांगतो, तिथून लांब व्हायचं. ला सालच्या त्या खोडींच्या यादीत फाजील सलगी आणि ठरावीक मुलांशी खास मैत्री या दोन्ही आहेत बरं का, लोकांना हे तेव्हापासून माहितीये.

आणि एक छोटासा घोळ: शिकवायची ओढ आणि व्रत घेऊन धर्मसंघात जायची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिस्टर आवडतात म्हणून कॉन्व्हेंटमध्ये गेलेल्या आणि दोनतीन वर्षांनी परत आलेल्या मुली मी बघितल्यात, आणि त्यातल्या बहुतेक फार चांगल्या शिक्षिका झाल्या.

तर मूळ प्रश्न, हे माझं की त्यांचं. सुरुवातीला ते त्यांचंच असतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, भाषा सुद्धा आपण आईचीच उचलतो. तुझं झालं की नाही हे कळायला विचार करत बसू नकोस, काम घे. तुला सोप्पा जाणारा एक विषय आणि त्यात अडलेलं एक मूल, आठवड्यातून दोनदा, तीन महिने. पैसे घेतलेस तरी चालेल. आणि स्वतःवर लक्ष ठेव. घरी येताना तुझ्या डोक्यात काय घोळतंय? "मी आज किती छान समजावलं, सिस्टर बघत असत्या तर" असं असेल तर अजून ते सिस्टरांचं आहे. "त्याला हातचा घेताना नेमकं कुठे गडबडतंय, उद्या काड्या घेऊन बघू का" असं असेल तर ते तुझं व्हायला लागलंय. कंटाळा येईल, तो तर येतोच, मला अजून येतो, त्यावरून काही ठरवू नकोस. पण ते मूल चुकतंय याचा तुला राग येतो की कुतूहल वाटतं हे मात्र नीट बघ. सतत राग येत असेल तर दुसरी कामं पण चांगली असतात, खरंच सांगते.

त्या सिस्टरांना सांगायचं का? सांग, पण हे तीन महिने झाल्यावर, म्हणजे बोलायला हातात काहीतरी असेल. आणि "मला तुमच्यासारखं व्हायचंय" म्हणू नकोस, चांगल्या सिस्टर असतील तर त्यांना ते ऐकून अवघडल्यासारखं होईल. त्याऐवजी अडलेल्या मुलाबद्दल विचार, आणि जमलं तर एक संध्याकाळ त्यांच्या शेजारी बसून वह्या तपासायची परवानगी माग. मी नोकरी लागल्यावर माझ्या सिस्टरांना पेढे घेऊन भेटायला गेले होते, वाटलं आता डोळे भरून येतील त्यांचे. त्यांनी पेढा घेतला, वर्गात किती मुलं आहेत विचारलं आणि लगेच पुढचं विचारलं, त्यातलं कोण बोलत नाही? मला सांगता आलं नाही, आठवडाच झाला होता, मी नावं पाठ करत होते. त्या म्हणाल्या, बरं, पुढच्या वेळी ये तेव्हा सांग.